पूर्ण शब्द ऐका, मग लेखणी टेका
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आतापर्यंत सगळ्यांनी शाळेतल्या खोड्या सांगितल्या. मी शुद्धलेखनाबद्दल बोलणार आहे. घाबरू नका, वह्या तपासणार नाही!

आपल्या मराठीच्या बाई प्रत्येक शब्द दोनदा सांगायच्या आणि बजावायच्या, "पूर्ण शब्द ऐका, मग लेखणी टेका." तेव्हा ती नुसती शिस्त वाटायची. त्यामागचं कारण मला स्वतः शिक्षिका झाल्यावर कळलं, तेही चूक करून.

चौथीच्या वर्गात श्रुतलेखन चालू होतं. मी शब्द तोडून तोडून सांगत होते. एक मुलगी 'ग' काढून थांबली. मी ओरडले, "हात का थांबला गं?" ती हळूच म्हणाली, "बाई, 'गरीब' की 'गरिबाला'? कळल्याशिवाय वेलांटी कुठली देऊ?"

मी गप्पच झाले. 'गरीब' लिहिताना आधी र, मग दुसरी वेलांटी. पण पुढे 'ला' लागला की वेलांटी पहिली होते आणि तिचा काना र च्या अलीकडे येतो. प्रत्यय लागतो शब्दाच्या शेवटी, पण हाताची वाट बदलते दुसऱ्याच अक्षरापाशी!

'किती' म्हणताना क आधी आणि इ नंतर. कागदावर इ चा काना आधी. 'सूर्य' म्हणताना र् आधी, पण लिहिताना य काढून रफारासाठी वर जायचं. जुन्या मोडीत रेघ आधीच ओढलेली असे, ह्रस्व-दीर्घाचा भेदही सहसा पाळत नसत. त्यामुळे लेखणी फारशी न उचलता भराभर लिहिता येई. बाळबोध लिहिणाऱ्या हाताला मात्र पुढचं आधी ठाऊक असावं लागतं.

त्या मुलीची मी भर वर्गात माफी मागितली. त्या दिवसापासून मीही पूर्ण शब्द दोनदा सांगू लागले.

आपल्यापैकी अनेक जण आता आजी-आजोबा झालेत. नातवंडाचा हात लिहिताना थांबला, तर लगेच "लवकर आटप" म्हणू नका. कदाचित तो शब्दाचा शेवट शोधत असेल.

बाई, तुम्ही आज समोर बसला आहात. तुमच्या त्या एका वाक्याचा अर्थ कळायला मला वीस वर्षं लागली. उशिरा का होईना, गृहपाठ पूर्ण केला आहे.