मुलांच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें?

(कुपवाड येथें पालक व शिक्षक यांच्या बैठकींत केलेलें भाषण)



बाजारांत बैल घेतांना आपण काय करतों? दांत पाहतों, खूर पाहतों, चार पावलें चालवून पाहतों, आणि मगच रुमालाखालीं हात घालून सौदा करतों. बियाणें घ्यावयाचें तर चार शहाण्यांस विचारतों. पण ज्या पुस्तकांवर आपल्या पोरांचीं डोकीं पोसावयाचीं, तीं पुस्तकें कोण निवडतो व काय पाहून निवडतो, हें आपण कधीं विचारलें आहे काय? पुष्कळ शाळांतून आम्हीं असें पाहिलें कीं, पुस्तकांचा गठ्ठा येतो, त्यावर शिक्का बसतो, नोंदवहींत आंकडा चढतो आणि पुस्तकें कपाटांत जातात. कपाटास कुलूप लागतें. पुस्तक फाटलें तर जाब कोण देणार, ही गुरुजींस धास्ती. आणि पुस्तक म्हणजे आपलें काम नव्हे, अशी आपली समजूत. या दोहोंमध्यें पोर कोरडें राहतें.

पाठ्यपुस्तकांविषयीं आज आम्ही बोलत नाहीं. तीं १९६७ सालीं स्थापन झालेलें ‘बालभारती’ मंडळ तयार करतें. आज बोलावयाचें तें पहिली ते चौथीच्या वर्गांत ठेवावयाच्या गोष्टींच्या व माहितीच्या पुस्तकांविषयीं. हीं निवडण्याचें काम शाळेचें आहे, आणि शाळेच्या मागें आपण आहों. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें प्रत्येक शाळेंत ग्रंथालय असावें, त्यांत वर्तमानपत्रें, मासिकें व गोष्टींचीं पुस्तकें असावींत, असें सांगितलें आहे. त्याच कायद्यानें सरकारी, महापालिकेच्या व अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती लावून दिली. तिच्यांत तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि एकंदर निम्म्या स्त्रिया पाहिजेत. शाळेस मिळालेला पैसा कसा खर्च झाला, हें पाहणें हें सरकारी व महापालिकेच्या शाळांतील त्या समितीचें काम आहे. म्हणजे पुस्तकांविषयीं विचारणें ही आगळीक नव्हे, तें कायद्यानें दिलेलें काम आहे.

हा प्रश्न आमच्या घरचा जुना आहे. १८८२ सालीं हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं जें निवेदन ठेवलें, त्यांत त्यांनीं दोन गोष्टी एकत्र सांगितल्या. एक, सरकारच्या तिजोरींतला पैसा रयतेच्या घामाचा, पण शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस. दुसरी, शाळांत चालणारीं मराठी क्रमिक पुस्तकें व्यवहाराच्या उपयोगाचीं नाहींत, तीं नव्यानें रचलीं पाहिजेत. वाचन, मोडी व बालबोध लेखन आणि हिशोब यांबरोबर शेतीचें व आरोग्याचें ज्ञान मुलांस मिळावें, ही त्यांची मागणी होती. शाळा काढून भागत नाहीं, शाळेंत काय वाचावयास मिळतें हेंही पाहावें लागतें, ही गोष्ट जोतीरावांस तेव्हांच कळली होती. पुढें शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, आणि १९१९ सालीं कऱ्हाडजवळ काले येथें भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. शाळेचें दार उघडण्याचें काम त्यांनीं केलें. दारांतून आंत गेलेलें पोर आंत टिकतें कीं नाहीं, हें आतां आपणांस पाहावयाचें आहे.

आणि टिकत नाहीं, असें पुष्कळ वेळां दिसतें. २००५ पासून ‘असर’ नांवाची पाहणी गांवोगांव होत आली आहे. पांचवींत बसलेल्या पुष्कळ मुलांना दुसरीच्या पुस्तकांतला उतारा वाचतां येत नाहीं, असें तिनें वारंवार दाखविलें. असें पोर वर्गांत मागें बसतें, मान खालीं घालतें, आणि एक दिवस कामाला लागतें. आपल्याच जिल्ह्यांत वाटेगांवीं १९२० सालीं जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांना शाळा दीड दिवसच लाभली, असें सांगतात. ते पुढें ‘फकिरा’ लिहिते झाले तो त्यांचा पराक्रम. शाळेची त्यांत कांहीं शाबासकी नाहीं. शाळेनें हुसकलेलीं सगळींच मुलें अण्णा भाऊ होत नाहींत.

तर मग पुस्तक कसें पारखावें? आमच्या अनुभवाच्या चार कसोट्या सांगतों.

पहिली कसोटी शब्दांची. पहिलीच्या पोरास सोपें काय, हें मोठ्यांस अनेकदां उलटें वाटतें. ‘नभ’, ‘सदन’, ‘कमल’ यांत काना नाहीं, मात्रा नाहीं, जोडाक्षर नाहीं, म्हणून ते शब्द सोपे धरतात. पण ‘नभ’ हा शब्द आपल्या किती घरांत बोलतात? पोर अक्षरें लावतें, शब्द उच्चारतें आणि तोंडाकडे पाहत राहतें. कारण अर्थाचा दिवा लागत नाहीं. उलट ‘म्हैस’, ‘ज्वारी’, ‘तव्यावर’ यांत जोडाक्षर आहे, पण शब्दाच्या अर्ध्यावर येतांच पोर हंसतें आणि पुढचा शब्द आपण होऊन म्हणतें. अक्षर सोपें असून भागत नाहीं. शब्द ओळखीचा असावा लागतो. ओळखीच्या दहा शब्दांत एक नवा आला, तर तो पोराच्या पदरांत पडतो. दहाही नवे आले, तर पोर पुस्तक मिटतें.

याची परीक्षा घरींही करतां येते. पुस्तकाचें मधलेंच पान उघडून मुलास वाचावयास द्या. जेथें तें अडेल तेथें एक बोट मिटा. एका पानांत पांचही बोटें मिटलीं, तर तें पुस्तक त्यानें एकट्यानें वाचण्यासारखें अजून झालेलें नाहीं. म्हणून तें टाकूं नका. तें गुरुजींनीं वाचून दाखवावें. वाचून दाखविण्याचीं आणि आपण होऊन वाचण्याचीं अशीं दोन्हीं पुस्तकें वर्गांत पाहिजेत.

दुसरी कसोटी बोलीची. घरीं ‘पानी’ म्हणणारें पोर शाळेंत ‘पाणी’ वाचतें. तेथें त्याचें हंसें झालें तर त्याचें तोंड बंद होतें, आणि बंद तोंडाला वाचन येत नाहीं. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेंत जन्मलेल्या विदुषी १९६० च्या दशकांत साताऱ्याकडील फलटणला आल्या. तेथील लोकांच्या मराठी बोलण्यांतील फरकांवर त्यांनीं प्रबंध लिहिला, आणि पुढें तेथेंच मुलांना वाचावयास शिकविण्याच्या कामाला वाहून घेतलें. प्रगत शिक्षण संस्था व कमला निंबकर बालभवन हीं त्या कामाचीं फळें. भाषेच्या अभ्यासानें त्या वर्गाच्या दारांत पोंचल्या, हें ध्यानांत घ्यावें. प्रमाण मराठी आपल्या पोरांस आलीच पाहिजे. ती कोणाच्या घरची मिरास नाहीं. पण ती शिकविण्यासाठीं आईच्या बोलीला लाथ मारण्याचें कारण नाहीं. ज्या गोष्टींत माणसें आपल्या तोंडानें बोलतात अशीं पुस्तकें निवडावींत, आणि वाचलेली गोष्ट पोरास आपल्या बोलींत सांगूं द्यावी.

येथें कुपवाडांत तर ही गोष्ट आणखी महत्त्वाची. औद्योगिक वसाहतीमुळें गांवोगांवचीं व परप्रांतांचीं माणसें येथें पोटासाठीं आलीं. कोणाच्या घरीं कानडी, कोणाच्या घरीं हिंदी किंवा उर्दू. अशा मुलांसाठीं नुसत्या चित्रांचीं, अक्षर नसलेलीं पुस्तकें जरूर घ्यावींत. चित्र पाहून प्रत्येक मूल आपल्या भाषेंत गोष्ट सांगतें, आणि दुसरीं मुलें ती ऐकतात. ‘स्टोरीवीव्हर’ या नांवानें २०१५ पासून इंटरनेटवर निरनिराळ्या भाषांतील सचित्र गोष्टी फुकट वाचावयास ठेविल्या आहेत. त्यांत मराठीही आहेत. ज्या गुरुजींच्या हातीं मोबाईल आहे, त्यांस पैसा नाहीं ही सबब तेवढ्यापुरती तरी सांगतां येणार नाहीं.

तिसरी कसोटी, पुस्तकांत कोणाचें घर आहे ही. पुष्कळ गोष्टींत शेतकरी एक तर भोळा असतो, नाहीं तर दरिद्री. कुंभार येतो तो गाढवापुरता. आई सदा चुलीपाशीं आणि मुलगी सदा भावाला पाणी देतांना. आमचीं माणसें हुशारही असतात, भांडखोरही असतात, विनोदीही असतात. मिरजेचा तंबोरा घ्या. एकोणिसाव्या शतकांत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागिरांनीं सतार-तंबोरे घडविण्यास आरंभ केला. पंढरपुराकडील वाळलेला भोपळा येतो, त्याला लाकडाची दांडी बसते, तारा चढतात, आणि त्यांतून स्वर निघतो. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें. भोपळ्यांतून गाणें कसें निघतें, याहून नवलाची गोष्ट आठ वर्षांच्या पोरास कोणती सांगावी? असें पुस्तक मिळालें तर घ्यावें. न मिळालें तर वर्गानें त्या कारागिराकडे जावें, पाहावें, आणि मुलांनीं आपल्या हातानें आठ पानांचें पुस्तक करावें. दोऱ्यानें शिवलेलें तें पुस्तकही कपाटांत मानानें ठेवावें. मुलांचें लिहिणें हलकें मानूं नये. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेंत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजाच्या मुलीनें महार-मांगांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापला गेला, तो आजही वाचला जातो.

येथें एक गोष्ट आपल्याच मंडळींस सांगावयाची आहे. मुखपृष्ठावर आपल्या थोर पुरुषाचें चित्र आहे, एवढ्यावर पुस्तक चांगलें ठरत नाहीं. पानोपानीं जयजयकार आणि उपदेश असेल तर पोर तें मिटून ठेवील, आणि दोष मात्र त्या थोर पुरुषाच्या नांवाला लागेल. जोतीराव लहानपणीं काय पाहत होते, कशानें चिडत होते, सावित्रीबाई शाळेंत जातांना काय सोसत होत्या, हें साध्या शब्दांत सांगणारें पुस्तक पाहिजे. आणि हंसविणारीं पुस्तकेंही पाहिजेत. गरिबाच्या पोरानें सदा शहाणपणाच्याच गोष्टी कां वाचाव्यात? कोल्हा, भूत, बोलणारा भोपळा यांना घाबरूं नका. गोष्ट ही गोष्ट आहे हें पोरास कळतें. जें पुस्तक अमुक व्रत न केल्यास वाईट होतें अशी खरीखुरी भीति घालतें, तें मात्र परत करावें. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिकांनीं मराठींत मुलांच्या रोजच्या जगण्याच्या गोष्टी साध्या भाषेंत व सुरेख चित्रांसह लिहिल्या आहेत. मराठींत कांहीं मिळतच नाहीं, ही तक्रार खरी नव्हे.

चौथी कसोटी खरेपणाची. माहितीचें पुस्तक घेण्यापूर्वीं त्या कामाच्या माणसास दाखवावें. आपल्या भागांतली हळद जमिनींतून खणून काढतात, शिजवितात, वाळवितात, मग तिला झळाळी देतात. द्राक्षाचा बेदाणा शेडमध्यें सुकतो. यांत पुस्तकानें चूक केली, तर ती आपल्या शेतकरी बापास आधीं दिसेल, पुस्तक विकणाऱ्यास दिसणार नाहीं. ‘आम्हांला वाचतां येत नाहीं, आम्ही काय निवडणार?’ असें म्हणणाऱ्या मायबहिणींस आमचें हेंच उत्तर आहे. पुस्तक पोराकडून वाचून घ्या. जात्यावरच्या ओव्या आणि रात्रीच्या गोष्टी ऐकून तुमचा कान तयार झालेला आहे. गोष्ट कोठें रेंगाळली, कोठें खोटी वाटली, हें तुम्हांस पदवीधराइतकेंच कळतें.

कोणी म्हणेल, गोष्टींच्या पुस्तकांनीं परीक्षेंत मार्क पडतात काय? पी हळद नि हो गोरी, असें वाचनाचें नसतें. पण प्रश्न कोणत्याही परीक्षेचा असो, तो आधीं वाचून समजावा लागतो. गणिताचें उदाहरण चुकतें तें पुष्कळदां भाषा न कळल्यानें. ज्याला वाचनाची गोडी लागली, त्याचा हा अर्धा डोंगर उतरला. आणि गुरुजींच्या डोक्यावर इतर सरकारी कामांचा बोजा आहे, हें आम्ही जाणतों. म्हणूनच निवडीचा भार एकट्या त्यांच्यावर टाकूं नये, असें आमचें म्हणणें आहे.

तेव्हां समितीच्या पुढच्या सभेंत तीन गोष्टी मागा. पुस्तकांची यादी शाळेच्या भिंतीवर लावावी. पुस्तकें विकत घेण्याआधीं त्यांचे नमुने मागवून वर्गांत दोन दिवस मोठ्यानें वाचून पाहावे. मुलें ज्या गोष्टी पुन्हां मागतील त्याच घ्याव्यात. आणि कपाटाचें कुलूप काढून पुस्तकें मुलांच्या हात पोंचेल अशीं मांडावींत, घरीं न्यावयास द्यावींत. वाचून वाचून पुस्तक फाटलें, तर तें खर्ची लिहावें, आणि त्याबद्दल पोराकडून दमडी घेऊं नये. औताचा फाळ झिजला म्हणून कोणी बैलास दंड करीत नाहीं. कपाटांत कोरें राहिलेलें पुस्तक हेंच खरें नुकसान आहे, आणि तें आपल्या पैशाचें आहे.

सभेची तारीख गुरुजींस विचारून घ्या, आणि त्या दिवशीं कामाचा अर्धा खाडा पडला तरी चालेल, पण या. विशेषतः आयांनीं यावें. इतकें सांगून आम्ही आपली रजा घेतों.