माइक आणि बिनतारी यंत्र यांचा मेळ



नागपूरच्या पश्चिमेस, अमरावती रस्त्यावरील आमच्या वाडीस शांततेची कीर्ति कधींच नव्हती. मालट्रकांची रांग रात्रंदिवस चालू, आणि उन्हाळ्यांत घरोघरच्या कूलरांची त्यांना साथ. अशा ठिकाणीं बसून मी हौशी बिनतारीवर, म्हणजे लोक ज्याला हॅम रेडिओ म्हणतात त्यावर, बोलत असतों. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळविलेल्यांचें हें निर्लोभ संभाषण होय. त्याचें साधन ट्रान्सीव्हर. बोलणें धाडणारें आणि ऐकविणारें असें एकाच पेटींतलें यंत्र.

सभागृहांतून निकालांत निघालेला एक जुना, जडशीळ डायनॅमिक माइक माझ्या हातीं आला. हौसेनें मीं तो यंत्रास जोडला, आणि १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास शहरांतील एका स्नेह्यास हांक मारली. उत्तर आलें, "गुरुजी, तुमच्या लहरीनें इकडे कांटा टोकाला गेला आहे, पण आवाज मात्र विहिरीच्या तळांतून येतो आहे!"

हें कोडें वाटतें तितकें अवघड नाहीं. त्या पट्ट्यांत आम्ही बहुधा एफ. एम. पद्धति वापरतों. तींत वाहक लहर तुम्ही बोला वा न बोला, पूर्ण जोरानें जातच असते. आवाज तिची कंपनसंख्या थोडीफार मागेंपुढें हलवितो, इतकेंच. माइक दुबळा असला कीं हें हलणें अपुरें पडतें. म्हणून कांटा वर आणि आवाज खालीं.

मग मीं सर्वजण करतात तेंच केलें. यंत्राची माइकची कळ शेवटपर्यंत पिळली आणि वर्गांत ओरडावें तसा ओरडलों. स्नेही म्हणाले, "आतां तुमचा कूलर उत्तम ऐकूं येतो."

डायनॅमिक माइकच्या पोटांत पातळ पडद्यास बारीक तारेचें वेटोळें चिकटविलेलें असतें आणि तें चुंबकाच्या फटींत डोलतें. फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेल्या तत्त्वानें त्यांत वीज उपजते, पण किती? अगदीं तोंडाजवळ बोललें तरी एक-दोन मिलिव्होल्ट. उलट आजच्या यंत्रांबरोबर येणारा हातांतला माइक पुष्कळदां इलेक्ट्रेट जातीचा असतो. त्याच्या पोटांतच एक चिमुकला वर्धक असल्यानें तो कित्येक पटींनीं जोरकस बोलतो. त्या वर्धकास लागणारी पांच किंवा आठ व्होल्टांची वीज यंत्र माइकच्याच तारेंतून पुरवितें. मला हें ठाऊक नव्हतें. ती वीज माझ्या माइकच्या वेटोळ्यांतून वाहत होती आणि पडद्यास एका बाजूस ढकलून धरीत होती. म्हणजे मुलाचा कान धरून त्याला कविता म्हणावयास सांगण्यासारखेंच! उपाय काय, तर तारेंत एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मालिकेनें घालणें. तो स्थिर वीज अडवितो, आवाजाची वाट मोकळी ठेवतो, आणि यंत्राचें तोंड सहाशे ओहमचें असेल तर दोनशे हर्ट्झच्या खालची घरघरहि छाटतो. एवढ्यानें उच्चार स्वच्छ झाला. जोर मात्र आला नाहीं.

जोरासाठीं मीं आधीं ट्रान्सफॉर्मर लावून पाहिला. एका फेऱ्यास दहा फेरे या प्रमाणाचा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज दसपट करतो, हें खरें. परंतु रोध फेऱ्यांच्या प्रमाणाच्या वर्गानें, म्हणजे शंभरपट वाढतो. दोनशे ओहमचा माइक यंत्रास वीस हजारांचा भासूं लागतो. व्हॉल्व्हच्या जुन्या यंत्रांना तें मानवत असे. माझ्या सहाशे ओहमच्या यंत्रानें तो भार असा कांहीं ओढला कीं आवाज पूर्वीच्या निम्म्याहूनहि खालीं गेला. वर्गाचें गणित आयुष्यभर फळ्यावर शिकविलेला मनुष्य मी. तें येथें आठवलें नाहीं!

शेवटीं एका ट्रान्झिस्टरचा छोटा वर्धक केला. दहापट वाढ, म्हणजे वीस डेसिबेल, पुरेशी झाली. तो पत्र्याच्या डबींत बसविला, कारण उघडा ठेवल्यास आपलीच प्रक्षेपणाची लहर त्यांत शिरते व गुरगुरते.

आणि कूलर? त्यावरचा तोडगा बिनपैशाचा निघाला. माइक व ओठ यांतील अंतर निम्मे केलें, तर आपल्या आवाजाचा दाब सुमारें दुप्पट होतो; कूलरचा मात्र होता तितकाच राहतो. कळ पिळण्यानें दोन्ही सारखेच वाढतात. म्हणून आतां मी दोन बोटांवरून, साध्या आवाजांत बोलतों.

जोराचा अतिरेक हाहि दोषच. दूरच्या संभाषणास वापरतात त्या सिंगल साइडबँड पद्धतींत वाहक लहर नसते. तेथें मर्यादेबाहेर माइक चढविला, तर आपला आवाज फाटतोच, शिवाय शेजारच्या संभाषणांवर चिखल उडतो. यंत्रावर ए. एल. सी.चा कांटा असतो. उंच स्वरांनाच तो खुणेच्या आंत हलावा, एवढें बघावें. आकाशवाणीचें नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. अशा केंद्रांत बोलणारा एका खोलींत आणि आवाज सांभाळणारा कांचेपलीकडे असतो. आम्हां हौशी लोकांना दोन्ही कामें एकट्यानेंच करावीं लागतात.

हा सारा खटाटोप गप्पांपुरता असता, तर तो मीं आपणांस ऐकविला नसता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारी परिसरांत भूकंप झाला, हजारों माणसें गेलीं, तेव्हां हौशी बिनतारीवाल्यांनीं संदेशवहनास हातभार लावला होता. अशा वेळीं पलीकडचा मनुष्य थकलेला असतो, भोंवतीं गलका असतो, आणि निरोपांत आंकडे असतात. आपल्या मराठींत सात, साठ आणि आठ यांतील भेद एका-एका व्यंजनावर टेकलेला आहे, आणि फाटक्या वा दबक्या आवाजांत आधीं व्यंजनेंच हरवतात. सात कुटुंबें कीं साठ, हें विचारण्यास दुसरी संधि मिळेलच असें नाहीं.

म्हणून जोडणी पुरी झाल्यावर मीं स्नेह्यास हेच तीन शब्द उलटसुलट क्रमानें वीस वेळां सांगितले व त्यांनीं लिहून घेतले. कूलर बंद असतां वीसही बरोबर उतरले. चालू असतां एक चुकला. तेव्हांपासून निरोप देतांना मी कूलर बंद करतों.