न दिसणारी जखम आणि तिचे मोजमाप

रणांगणावर पाय गमावून परतलेल्या सैनिकाची दुखापत कोणालाही दिसते. अर्धशिशीने पिडलेल्या सैनिकाचे तसे नसते. एरवी तो धडधाकट दिसतो. पण झटका आला की अंधाऱ्या खोलीत पडून राहण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही, मळमळते, उलट्या होतात. क्ष-किरणांच्या छायाचित्रात ही व्याधी उमटत नाही. अशा व्याधीसाठी भरपाई मागावयाची कशी आणि शासनाने ती ठरवावयाची कशी, हा प्रश्न अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यापुढे सतत येत असतो. तेथील व्यवस्था पाहण्यासारखी आहे.

अपंगत्वाची भरपाई मिळण्यासाठी तेथील माजी सैनिकाला सर्वसाधारणपणे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. पहिली, व्याधी आज अस्तित्वात आहे. दुसरी, सेवेच्या काळात तिला कारण होईल अशी घटना, दुखापत वा आजार घडला. आणि तिसरी, या दोहोंचा परस्परांशी संबंध आहे. अफगाणिस्तान व इराकमधील युद्धांत स्फोटांच्या हादऱ्याने अनेकांच्या मेंदूला इजा झाली आणि त्यांतील पुष्कळांना पुढे डोकेदुखी जडली. १९९०-९१ च्या आखाती युद्धातून परतलेल्या कित्येकांच्या तक्रारींचे तर निदानच होईना. त्यांच्यासाठी १९९४ मध्ये कायद्याने वेगळी तरतूद करण्यात आली. अशा निदान न झालेल्या आजाराच्या लक्षणांत डोकेदुखीचाही समावेश आहे.

संबंध सिद्ध झाला म्हणजे प्रश्न उरतो तो मोजमापाचा. अर्धशिशीसाठी नियमांत ०, १०, ३० व ५० टक्के अशा चार पायऱ्या आहेत. माणसाला आडवे करणारे झटके गेल्या काही महिन्यांत सरासरीने दोन महिन्यांतून एकदा येत असतील तर १० टक्के, महिन्यातून एकदा येत असतील तर ३० टक्के. झटके फार वारंवार, दीर्घकाळ टिकणारे व पूर्णतः निकामी करणारे असून त्यांमुळे उपजीविकेत गंभीर अडचण येत असेल, तर ५० टक्के. यावरून दिसून येईल की, नियम वेदनेची तीव्रता मोजू पाहत नाही. ती मोजण्याचे साधनच नाही. वेदनेने माणसाचे किती दिवस हिरावून घेतले, हे तो मोजतो.

यातील उपजीविकेच्या अटीचा अर्थ काय, यावरून वाद झाले. नोकरी टिकवून असलेल्या माणसाला ५० टक्के मिळावेत काय? माजी सैनिकांच्या दाव्यांसाठी १९८८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले की, या अटीसाठी माणूस पूर्णतः बेकार असण्याची आवश्यकता नाही. झटके तशी अडचण निर्माण करण्याजोगे असले तरी पुरे. वरिष्ठाच्या सहानुभूतीवर कशीबशी नोकरी निभावणाऱ्याच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा ठरला.

दावे फेटाळले जातात ते बहुधा नोंदींच्या अभावी. कित्येक सैनिक सेवेत असताना डोकेदुखीची तक्रारच करीत नाहीत. गोळी घेऊन कामावर जातात. म्हणून झटक्यांची रोजनिशी ठेवणे अगत्याचे ठरते. झटका कोणत्या तारखेला आला, किती तास टिकला, कामावरून घरी यावे लागले काय, हे तीत नोंदवावयाचे असते. पत्नीचे व सहकाऱ्याचे प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टींविषयीचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून विचारात घेतले जाते. वैद्यकीय मताला कारणांचा आधार हवा. नुसता निष्कर्ष पुरेसा नसतो.

निर्णय प्रतिकूल झाला तर २०१७ च्या कायद्याने, जो फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आला, तीन मार्ग खुले केले आहेत. नवा व प्रस्तुत पुरावा असल्यास पूरक दावा. पुरावा तोच ठेवून वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी. किंवा अपील मंडळाकडे दाद. एका वर्षाच्या आत यांपैकी एक मार्ग धरून दावा अखंड चालू ठेवला, तर मूळ अर्जाच्या तारखेवरील हक्क सामान्यतः अबाधित राहतो. मंडळाच्या निर्णयावर १२० दिवसांत न्यायालयात जाता येते. बाजूचा आणि विरुद्ध पुरावा समतोल असेल, तर संशयाचा फायदा माजी सैनिकाला द्यावा, हे या सर्व व्यवस्थेचे सूत्र आहे.

हे सूत्र भारतालाही परके नाही. अपस्माराच्या कारणाने सेवामुक्त झालेल्या धरमवीर सिंग या सैनिकाच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, तेव्हा लागू असलेल्या नियमांच्या आधारे, असाच दृष्टिकोन स्वीकारला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नव्हती, आणि आजार सेवेमुळे झाला नाही याची कारणे वैद्यकीय मंडळाने दिली नव्हती; म्हणून सिद्धतेचा भार सैनिकावर टाकता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. २०२३ मध्ये नवे नियम आले आहेत. त्यामुळे सैनिक कोणत्या तारखेला सेवामुक्त झाला, हे प्रथम पाहावे लागते. खात्यांतर्गत अपिलानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे.

गावात परतलेला सैनिक आपले दुखणे सहसा बोलून दाखवीत नाही. दावा नामंजूर झाल्याचे पत्र आले की ते तो पेटीत ठेवून देतो आणि मुदत निघून जाते. अशा वेळी शिक्षकाने वा पंचायत सदस्याने ते पत्र वाचून नामंजुरीचे कारण समजावून द्यावे, सेवामुक्तीची व रुग्णालयाची कागदपत्रे एकत्र करवावीत आणि त्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पोहोचवावे. मुदतीच्या आत एवढे झाले, तरी पुष्कळ दावे दाराशी अडून राहणार नाहीत.