फिशटँकमधला बुजरा कळप

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात ‘मिस केरला’ नावाचा दोन-तीन इंची मासा दिसतो. चंदेरी अंग, त्यावर लाल आणि काळा पट्टा. मूळचा तो केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या वाहत्या पाण्यातला. त्याच्या प्रजातीला २०१३ मध्ये ‘सह्याद्रिया’ असंच नाव मिळालं. जंगली मासे पकडल्यामुळे तो धोक्यात आला आहे, म्हणून पैदास केंद्रातलेच मासे मागा.

हा मासा सहा इंचांपर्यंत वाढतो. दोन-तीनच ठेवले तर कोपऱ्यात दबून बसतात. सहा-आठ असले की निर्धास्त फिरतात. घाबरले की मात्र सुसाट सुटतात आणि काचेवर आदळतात. त्यामुळे उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, किमान चार फूट. चार बाय दीड बाय दीड फुटांच्या टाकीत पाण्याचंच वजन अडीचशे किलो होतं. जुन्या घराच्या लाकडी माडीवर ती कृपा करून ठेवू नका.

माशाच्या अंगावरची पार्श्वरेषा पाण्यातला बारीक हादराही टिपते. टाकी दाराजवळ नको, गणपतीत साउंड सिस्टीम दणाणते त्या रस्त्याकडच्या भिंतीलाही नको. अंधारात अचानक दिवा लागला की कळप उसळतो; आधी खोलीतला दिवा लावा, मग टाकीतला. वर घट्ट झाकण हवंच.

आणि टाकी अपुरी पडली, तर मासे रंकाळा तलावात किंवा पंचगंगा नदीत सोडू नका, दुकानदाराला परत द्या. घरच्या टाक्यांसाठी परदेशातून आलेला सकर मासा आज उजनी धरणात मच्छीमारांची जाळी फाडतो आहे.