वीज कुणाच्या बापाची?

(मांडवगण फराटा येथे वस्तीतल्या पोरांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून दिलं आहे.)



मी मॅट्रिक झालेला माणूस. मुंबईला गोदीत कंत्राटावर माल उतरवतो. कविता लिहितो म्हणून तुम्ही बोलावलंत, पण आज कविता वाचणार नाही. आज विजेच्या करारावर बोलणार आहे. मागं पोरं हसली. हसा. आपल्या वस्तीत करार म्हटलं की वीटभट्टीची उचल नाहीतर ऊसतोडीचा कोयता एवढंच डोळ्यांपुढं येतं. पण कोट्यवधींचे करार होतात आणि ते आपल्या डोक्यावरनं जाणाऱ्या तारांतनं वाहतात. ते कसे होतात हे आपल्याला कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगतो.

मला हे कळायला लागलं ते धक्क्यावर. एक दिवस जहाजातनं एक धूड उतरलं. जनरेटर. आमची खोली आणि शेजारच्या दोन खोल्या त्यात मावल्या असत्या. स्लिंग लावताना मी मुकादमाला विचारलं, हे कुठं चाललं? म्हणाला, नवी मुंबईला, डेटा सेंटरला. मी म्हटलं, तिथं लाईट नाही काय? तो हसला. म्हणाला, तिथं लाईट जातच नाही, गेलीच तर हे चालू होतं. त्या आठवड्यात मी इथं आत्याकडं आलो होतो. थोरला चुलता रात्री साडेअकराला काठी आणि बॅटरी घेऊन दुसऱ्याच्या उसाला दारं धरायला निघाला, कारण मोटारीची लाईट रात्रीची होती. शिरूर तालुक्यात उसात बिबट्या आहे, त्यानं माणसं मारली आहेत, लेकरं नेली आहेत, हे मी तुम्हाला काय सांगू? मालक घरात झोपतो. दारं धरणारा आपला असतो.

एकाला वीज क्षणभर जाऊ नये म्हणून जहाजातनं जनरेटर येतो. दुसऱ्याला वीज कधी येईल ते बघून जीव मुठीत धरावा लागतो. मी विचारलं, ह्या दोघांत फरक काय? उत्तर एकच मिळालं. करार.

आता डेटा सेंटर म्हणजे काय ते सोपं सांगतो. तुमच्या मोबाईलमधला फोटो, बँकेचा हिशेब, सिनेमा, सरकारी दाखला, माझी कविता, हे सगळं कुठल्यातरी इमारतीत यंत्रांच्या कपाटांत ठेवलेलं असतं. ती यंत्रं रात्रंदिवस चालतात, तापतात, म्हणून त्यांना थंड ठेवायला पुन्हा वीज. समुद्राखालच्या तारा मुंबईत किनाऱ्याला लागतात, म्हणून देशातल्या डेटा सेंटरचा निम्म्याच्या आसपास भाग मुंबई आणि नवी मुंबईत आहे: ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल. ह्यांची भूक मेगावॉटात मोजतात. एक मेगावॉट अखंड महिनाभर चालला तर ७ लाख २० हजार युनिट होतात. आपल्या एका खोलीला महिन्याला शंभर युनिट धरा. म्हणजे एका मेगावॉटात ७,२०० खोल्या. आणि मोठं डेटा सेंटर एका मेगावॉटावर चालत नाही, ते दहांच्या आणि शंभरांच्या हिशेबात बोलतं.

एवढी वीज तो आपल्यासारखी बिल भरून घेत नाही. तो करार करतो. एखाद्या सोलर किंवा पवनचक्कीच्या कंपनीशी वीस-पंचवीस वर्षांचा. दर ठरलेला, युनिट ठरलेले. ह्या करारांत बहुतेक वेळा एक अट असते: घ्या नाहीतर भरा. ठरलेली वीज उचलली नाही तरी पैसे द्यावे लागतात. त्या कागदावर बँक कर्ज देते, कर्जावर प्रकल्प उभा राहतो.

मित्रांनो, ही अट ऐकली तेव्हा मी गप्प झालो. कारण माझा आजा गोदीत होता. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला. त्याखालच्या योजनेत नोंदलेल्या कामगाराला जहाज लागलं नाही तरी महिन्यातल्या ठराविक दिवसांची मजुरी मिळायची. घ्या नाहीतर भरा. म्हणजे हीच अट एकदा माणसासाठी होती! संपांनी मिळवलेली. आज त्याच धक्क्यावर मी कंत्राटी. जहाज नाही तर मजुरी नाही. पंचवीस वर्षांची हमी विजेच्या युनिटाला आहे, मला उद्याच्या पाळीची नाही.

आता खरी मेख. आपली वीज स्वस्त कशी राहते? कारखाने, दुकानं, मोठे ग्राहक खर्चापेक्षा जास्त दर भरतात, त्यातनं शेतीच्या आणि गरिबाच्या विजेचा दर खाली राहतो. ह्याला क्रॉस सबसिडी म्हणतात. २००३ च्या वीज कायद्यानं मोठ्या ग्राहकाला वाट मोकळी केली: महावितरणची तार वापर, पण वीज दुसऱ्याकडनं घे. त्याला ओपन ॲक्सेस म्हणतात. पण जाताना गरिबाच्या वाट्याचा अधिभार भरून जा, असंही कायदा म्हणतो. इथपर्यंत ठीक. पण जो स्वतःच्या मालकीच्या प्रकल्पातनं वीज घेतो त्याला हा अधिभार नाही. आणि मालक कोण? २००५ चे नियम सांगतात: भागभांडवलात २६ टक्के हिस्सा ठेवा, आणि निम्म्यापेक्षा जास्त, ५१ टक्के वीज स्वतः वापरा. झालात मालक.

२६ टक्के कशाचे ते नीट ऐका. प्रकल्प शंभर रुपयांचा असला तर साधारण सत्तर रुपये कर्ज आणि तीस रुपये भांडवल. तीसचे २६ टक्के म्हणजे आठ रुपयेसुद्धा होत नाहीत. आठ रुपये टाकून शंभराच्या प्रकल्पाचा मालक! अधिभार माफ. १० डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं महावितरणच्याच खटल्यात निकाल दिला की असल्या स्वतःच्या वापराच्या ग्राहकाला अतिरिक्त अधिभारही लावता येणार नाही. २०२२ च्या हरित ऊर्जेच्या नियमांनी ओपन ॲक्सेसची मर्यादा एक मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली. एअरटेलनं २०२१ साली बुलढाणा जिल्ह्यात सोलर कंपनीत हिस्सा घेऊन असाच प्रकल्प चालू केला. ह्यात चोरी नाही. सगळं कायद्यात बसतं. म्हणून तर मी म्हणतो, कायदा वाचा.

मोठा ग्राहक असा निघून गेला की मागं उरतो कोण? आपण. आपली आत्या, तिचा एक बल्ब, एक पंखा. खांब तेच, तारा त्याच, खर्च तोच, आणि भरणारे कमी.

आत्याचं बिल मी वाचलं. त्यात स्थिर आकार, वहन आकार, आणि १६ टक्के वीज शुल्क. हे शुल्क राज्य सरकारचं. आणि त्याच राज्य सरकारच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरला वीज शुल्क माफ करण्याची तरतूद आहे. म्हणजे आत्या भरणार आणि तो सुटणार. आत्या म्हणाली, "आरं, त्यो तर लई मोठा माणूस, त्याला कशाला माफ?" ह्या प्रश्नापुढं माझी सगळी कविता फिकी.

कुणी म्हणेल, पण तो सोलर वापरतो, स्वच्छ वीज. चांगलं आहे. मी सोलरच्या विरोधात नाही. डेटा सेंटरच्याही नाही. माझा मोबाईल ह्या खिशात आहे. पण सूर्य संध्याकाळी मावळतो आणि यंत्रं रात्री चालतात. दिवसाची जादा वीज ग्रिडात जमा दाखवायची आणि नंतर काढायची, ह्याला बँकिंग म्हणतात. कागदावर ती सोलर. तारेत रात्री येते ती बरीचशी चंद्रपूर, कोराडी, भुसावळच्या कोळशाची. मुंबईत ट्रॉम्बेला टाटाचं कोळशाचं केंद्र आजही आहे, आणि त्याच्या शेजारी माहुलला झोपड्या तोडून उठवलेली माणसं नेऊन ठेवली. राख कुणाच्या ताटात पडते ते कराराच्या कुठल्याच पानावर नसतं.

आता तुम्ही म्हणाल, नवी मुंबईच्या गोष्टी मांडवगणला कशाला? तर ऐका. विजेच्या करारात तुमचं गाव शंभर वर्षांपूर्वीच ओढलं गेलंय. तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते, पुढं कोरेगावचा पूल, जिथं आपण १ जानेवारीला जातो. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा येऊन मिळते, आणि मग तुमचं मांडवगण, पलीकडं दौंड. ह्या नद्यांच्या उगमाकडं टाटांनी धरणं बांधली. १९१० ला कंपनी काढली, १९१५ ला खोपोलीचं केंद्र चालू झालं, मग भिवपुरी, मग १९२७ ला भिरा. पूर्वेला तुमच्याकडं यायचं पाणी बोगद्यातनं पश्चिमेला कोकणात पाडलं आणि वीज केली. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ ते १९२४ सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तरी धरण झालं. पुढं कृष्णा पाणीतंटा लवादानं ह्या टाटा धरणांना वर्षाला जास्तीत जास्त ५४.५ टीएमसी पाणी वळवायची मर्यादा घातली. मर्यादा घातली, पण पाणी वळतं ते आजही.

ती वीज गेली कुठं? मुंबईच्या कापड गिरण्यांत. त्या काळचा सगळ्यात मोठा ग्राहक गिरणी होता, जसा आज डेटा सेंटर. आणि गिरणीत आपले लोक गेले तेव्हा विणखात्यात त्यांना मज्जाव होता. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, महाराच्या तोंडाचा धागा चालायचा नाही. जास्त पगार विणखात्यात होता. भीमेचं पाणी गेलं, त्याची वीज झाली, त्या विजेवर माग चालले, आणि मागाच्या दाराबाहेर भीमेकाठचा माणूस उभा. आज डेटा सेंटरच्या दारात जाऊन बघा. वॉचमन आणि झाडूवाला कंत्राटी. आडनावं विचारा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. वीज हे खातं त्यांच्याकडं होतं, हे आपल्या पोरांना माहीत नसतं. २५ ऑक्टोबर १९४३ च्या भाषणात त्यांनी विचारलं की भारताला वीज हवी कशासाठी. त्यांचं उत्तर असं होतं की गरिबीच्या चक्रातनं माणूस सुटायला उद्योग हवेत, आणि उद्योगाला वीज हवी, ती स्वस्त आणि भरपूर. स्वस्तातली स्वस्त. मग १९४८ चा वीज पुरवठा कायदा झाला, राज्यांची वीज मंडळं झाली, महाराष्ट्राचं १९६० ला. २००५ ला मंडळाचे तुकडे करून कंपन्या केल्या. आज प्रश्न तोच विचारायचा आहे. वीज कशासाठी, आणि कुणासाठी?

मग करायचं काय? नुसत्या घोषणा देऊन तार हलत नाही. मी तीन गोष्टी सांगतो.

पहिली. वीज दर ठरवतो तो वीज नियामक आयोग, कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये. दर वाढवायचा अर्ज आला की तो जाहीर करावा लागतो, लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. हा कायदा आहे. तिथं कारखानदारांचे वकील जातात. दारं धरणारा जात नाही. आपण जायचं, मराठीत लिहायचं, आणि विचारायचं: आत्याला १६ टक्के आणि त्याला माफी कशी?

दुसरी. सवलत घेणाऱ्या प्रत्येक डेटा सेंटरचा वीज करार मराठीत लोकांपुढं ठेवला पाहिजे, आणि माफीच्या बदल्यात शेतीच्या फीडरला दिवसाची वीज मिळाली पाहिजे. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला आली, तिचा दुसरा टप्पा २०२३ ला. त्यातनं कित्येक फीडरला दिवसा लाईट आली. म्हणजे होतं हे. आपल्या वस्तीच्या माणसाचा जीव वाचेपर्यंत ते झालं पाहिजे.

तिसरी गोष्ट वादाची आहे, तरी बोलतो. त्या योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे. भाडं सातबारावाल्याला. आपल्याकडं सातबारा नाही. गायरान कसणाऱ्यांपैकी १४ एप्रिल १९९० च्या आधीच्यांनाच सरकारनं हक्क देऊ केला, त्यातलेही कित्येक अजून कागदाविना आहेत. उद्या गायरानावर पॅनेल आले की त्यांना हुसकायला वेळ लागणार नाही. पण त्याच वीज कायद्यात लिहिलंय की सहकारी संस्थाही स्वतःचा वीज प्रकल्प काढू शकते. ह्या भागाला सहकार शिकवायला नको. पण साखर कारखान्याचा सभासद ऊसवाला, आणि ऊस तोडणारा बाहेर. तो सहकार नको. भूमिहीनांची वीज संस्था हवी. पैसा कुठला, बँक उभी करील का, हे प्रश्न अवघड आहेत, मला ठाऊक आहे. पण आठ रुपयांत तो मालक होतो तर आपण निदान हिशेब तरी मांडू.

चुलता आज रात्री पुन्हा दारं धरायला जाणार आहे. मी पण त्याच्याबरोबर जाणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी या. आणि उद्या सकाळी प्रत्येकानं आपापल्या घरचं लाईट बिल घेऊन इथंच यायचं. ओळीनं वाचू.

जयभीम.