बिनपडद्यांची बेस गिटार घ्यावी का?

सातारा-सांगलीकडच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार आता चांगली रुळली आहे. ती वाजवणाऱ्या तरुणाच्या मनात कधी ना कधी एक प्रश्न येतोच: पडद्यांची गिटार हाताशी आहे, आता बिनपडद्यांची, म्हणजे फ्रेटलेस, घ्यावी का? बहुतेक जण त्याला सांगतात, नको, बेसूर होशील. माझं मत वेगळं आहे. ज्याला आपल्या गाण्याची साथ करायची आहे, त्यानं ती जरूर घ्यावी, फक्त आधी तंबोऱ्यापाशी बसून कान तयार करावा.

बेसला पडदे आले ते सोयीसाठी. उभ्या डबल बेसवर पडदे नसतात. बोट जरा सरकलं की स्वर ढळतो. 1951 मध्ये फेंडर कंपनीनं पडद्यांची बेस बाजारात आणली आणि तिला नावच ‘प्रिसिजन’ दिलं. वाजवणाऱ्याची धास्ती गेली. पण त्या पडद्यावर कोणता स्वर मिळतो, हे आपण मोजून पाहायला हवं. या गिटारची तार साधारण 34 इंचांची असते. खुल्या तारेला षड्ज मानलं, तर तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा शुद्ध गंधार तारेच्या पाचव्या हिश्श्यावर, म्हणजे 6.8 इंचांवर पडतो. पडदा मात्र 7 इंचांच्या किंचित पुढे ठोकलेला असतो, कारण सप्तकाचे बारा सारखे भाग करून त्याची जागा ठरलेली असते. हा फरक जवळजवळ 5 मिलिमीटरचा आहे, आणि पडद्याचा गंधार तेवढा चढा लागतो. पंचमाच्या बाबतीत हाच फरक एका मिलिमीटरच्याही आत राहतो. म्हणून केवळ षड्ज-पंचम धरून चालणाऱ्या साथीत पडदे कुणाला खटकत नाहीत. गंधार-धैवतावर थांबायची वेळ आली की खटकतात.

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. साताऱ्यात जिल्हा न्यायाधीश असलेले क्लेमेंट्स आणि सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी शंभर वर्षांपूर्वी याच फरकाचा ध्यास घेतला होता. देवलांचं बावीस श्रुतींवरचं पुस्तक 1910 मध्ये आलं. पुढे मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ या कामात त्यांच्या मदतीला होते. त्यातून श्रुती-हार्मोनियम घडली, 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर चर्चाही झाली, पण ती रुळली नाही. कितीही पट्ट्या वाढवल्या तरी पट्टीचा स्वर एका जागी बांधलेलाच राहतो, आणि दोन स्वरांमधली मींड तिच्यातून निघत नाही. ऑल इंडिया रेडिओनं तर 1940 मध्ये हार्मोनियमच बंद केली. ती बंदी 1971 पर्यंत टिकली. बंदी हा उपाय मला पटत नाही, पण तिच्यामागची तक्रार खरी होती.

कुणी विचारेल, मग सतारीचं काय? मिरजेच्या ज्या सतारीला 2024 मध्ये तंबोऱ्याबरोबर भौगोलिक मानांकन मिळालं, तिलाही पडदे आहेतच की. आक्षेप रास्त आहे. पण सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवता येतात, आणि एकाच पडद्यावर तार ओढून चार-पाच स्वरांची मींड घेता येते. बेसचे पडदे लाकडात ठोकलेले आणि तारा जाड. ओढून ओढून फार तर एखादा स्वर चढतो. तेव्हा बेसपुरतं पाहिलं तर फ्रेटलेसचं नातं सतारीपेक्षा सरोद-व्हायोलिनशी जवळचं. औंधच्या दरबारी गायकाचे चिरंजीव गजाननबुवा जोशी गाण्याइतक्याच समर्थपणे व्हायोलिनही वाजवत, ते बिनपडद्यांच्या पट्टीवरच.

आणखी एक गोष्ट फ्रेटलेसच्या बाजूनं मला महत्त्वाची वाटते. तिची तार लाकडाला हलकेच घासत कंप पावते, म्हणून स्वर भरदार होतो. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतो, त्यामागचं तत्त्व हेच. हा नाद आपल्या कानाला परका नाही.

सोबत कीबोर्ड असेल तर येणारी अडचण मात्र मान्य करायला हवी. मंचावर कीबोर्डचा, पडद्यासारखाच चढा गंधार वाजत असेल, तर बेसनंही तिथंच जायला हवं. फ्रेटलेसवर तसं जाता येतं, पण त्यासाठी स्वतःचं वाजवणं ऐकू यावं लागतं. गणेशोत्सवाच्या मोठ्या स्पीकरसमोर ते ऐकू येत नाही. म्हणून पोटापाण्याची गिटार पडद्यांचीच ठेवावी, ती विकून दुसरी घेऊ नये. फ्रेटलेस पुन्हा विकायला गेलं तर इकडं गिऱ्हाईक शोधावं लागतं, याचाही हिशेब आधीच करावा. पैसे बेताचे असतील तर जुन्या गिटारचे पडदे काढून खाचांत लाकडी पट्ट्या भरून घेता येतात. त्या पट्ट्यांच्या रेघा सुरुवातीला बोटांना आधार देतात. मात्र रेघ म्हणजे जुन्या पडद्याचीच जागा, गंधार तिच्या अलीकडं शोधावा लागेल. तारा गुळगुळीत, चपट्या गुंडाळीच्या घ्याव्यात, खरखरीत तारांनी पट्टी झिजते. आणि दुकानात जाल तेव्हा चपळ तुकडे वाजवून पाहू नका. खुली तार छेडा, गंधार आधी गळ्यानं लावा, मग डोळे मिटून बोटानं तो शोधा. गळ्यानंच लागत नसेल, तर ते पैसे सध्या तंबोऱ्यावर खर्च करा. तो मिरजेत मिळतो.