चांदाची तारीख आणि समुद्राचे पाणी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)




दोन वर्षांपूर्वी उन्हाळी सुट्टीत आठवीच्या मुलांना घेऊन रत्नागिरीजवळच्या आरे-वारे किनाऱ्यावर एका दिवसाची सहल काढायचे ठरले. ओहोटीला कातळावरच्या डबक्यांतील जीवसृष्टी दाखवावी, हा हेतू. मी रविवारी सकाळी दहाची वेळ दिली. तेव्हा मागच्या बाकावरचा, एरवी कधी न बोलणारा, मच्छीमाराचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, दहाला गेलो तर नुसतं पाणीच बघायला मिळेल.”

त्याने आजोबांचा हिशेब सांगितला. त्या दिवशी चांदाची १७ तारीख. तिथी एक पुढे, म्हणजे १८. पौर्णिमेचे १५ वजा करता उरले ३. तिनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणून पूर्ण भरती दुपारी सव्वादोनला आणि त्याआधी सुमारे सहा तास, आठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज जवळपास पाऊण तास पुढे सरकते. ही पाऊणपट त्यातूनच आली. भूगोलाच्या पुस्तकातून हाच धडा मी कित्येक वर्षे शिकवत होतो, पण वेळ काढणे मला जमले नव्हते!

आम्ही फजरची नमाज अदा करून निघालो. सातला डबकी उघडी पडू लागली होती. हात लागताच मिटणारे समुद्रफूल, दुसऱ्याच्या शंखात संसार थाटलेला खेकडा, कातळाला घट्ट चिकटलेली कालवे मुलांनी डोळे भरून पाहिली. उलटलेला दगड पुन्हा तसाच ठेवायचा, नाहीतर त्याखालचे जीव उन्हाने मरतात, हे त्याच मुलाने सर्वांना बजावले. साडेआठनंतर तो म्हणाला, “सर, पाणी फिरलं.” आम्ही वर आलो. दहाला ती जागा पाण्याखाली होती.

परतल्यावर कळले, की हा मुलगा अभ्यासात मागे म्हणून त्याला शाळेतून काढून होडीवर पाठवायचे घरी ठरले होते. मी त्याच्या वडिलांना भेटलो आणि घडले ते सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुम्ही म्हणता तर शिकू दे.” यंदा तो दहावीला बसतो आहे.

पालकहो, चांदरातीला चंद्र पाहणाऱ्या आपल्या घरांत विज्ञान आधीपासूनच आहे. मुलांना त्याची लाज वाटू देऊ नका. आणि मागच्या बाकावर कोण बसले आहे, हे आम्ही शिक्षकांनीही विचारले पाहिजे.

खुदा हाफिज.